पाकिटातले चार तुकडे

१

चोर मृत्युपत्र पळवतो, जाळतो, फार तर गटारात सोडतो. पण ते फाडून, तुकडे एकावर एक रचून, पुन्हा पाकिटात घालून, पाकीट कपाटात जागच्या जागी ठेवणारा माणूस वकीलबाईंना आजवर भेटला नव्हता.

पाकीट त्यांनी सगळ्यांसमोर उघडलं आणि चार तुकडे रिकाम्या पलंगावर पडले. गादी गुंडाळून उशाकडे सारली होती. गेल्या आठवड्यापर्यंत त्या पलंगावर बाइंडर झोपून होते. गावातल्या निम्म्या कचेऱ्यांची दप्तरं आणि सगळ्या ग्रंथालयांची पुस्तकं शिवलेला माणूस. झटक्यानं त्यांची डावी बाजू गेली, आणि मग एक दिवस तेही तिच्यामागोमाग गेले. उशाला लागून, हात पोचेल असं, ते कपाट होतं, आणि तिपाईही अजून तशीच होती. तिच्यावर औषधांच्या चिठ्ठ्या, आणि चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून कापडात गुंडाळलेला एक लोखंडी ठोकळा.

"हे काय?" थोरल्यानं विचारलं.

"मृत्युपत्र," वकीलबाई म्हणाल्या. "होतं."

खोलीत चार माणसं होती. थोरला आणि मधली ही बाइंडरांच्या पहिल्या बायकोची मुलं. ती वारल्यावर काही वर्षांनी बाइंडरांनी दुसरं लग्न केलं. ती बायको कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. सावत्र मुलं तिला मावशी म्हणत. मावशीही पहिल्या लग्नाची विधवा, आणि येताना तिनं आपली नऊ वर्षांची पोर बरोबर आणली होती. ती पोर आल्या दिवसापासून दुकानात बाइंडरांच्या मागेमागे, म्हणून तिचं नाव पडलं डिंकी. डिंकी बाइंडरांना काका म्हणायची. एका घरात एवढी वर्षं काढली, पण 'आई-बाबा' ही जोडी एका तोंडातून कधी निघाली नाही. हिशेब चोख होता. ज्याचं माणूस त्याच्या खाती.

डिंकी आताही दारातच उभी होती. तिच्या बोटांना वाळलेली खळ होती.

"यात काय होतं ते आधी ऐका," वकीलबाई म्हणाल्या. "मीच लिहिलं होतं. घरात मावशींनी शेवटपर्यंत राहायचं, त्यांच्यानंतर घर तुम्हा भावंडांचं. बँकेतलंही तुम्हा दोघांचं. आणि बाइंडिंगचं दुकान डिंकीचं."

"आणि आता?"

"आता सगळं एका प्रश्नावर आहे. फाडलं कोणी? त्यांनी स्वतः फाडलं असेल तर मृत्युपत्र रद्द. मग कायदा वाटे करणार, बायको, मुलगा आणि मुलगी. तीन सारखे."

दाराकडे कोणी पाहिलं नाही. इतकं ठरवून कोणी पाहिलं नाही की डिंकीनंच मान खाली घातली.

"आणि दुसऱ्या कोणी त्यांच्या नकळत फाडलं असेल, तर ते जिवंत आहे. नक्कल माझ्याकडे आहे."

थोरला ताडकन उठला. "कपाटाची किल्ली उशीखाली असायची. उशी कोण बदलायचं? हीच! हिनंच फाडलं!"

"विचार करून बोला," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. "तिनं फाडलं असेल तर दुकान तिचं राहतं."

थोरला विमा कंपनीत होता. आकडा उलटा पडतोय हे त्याला लगेच कळलं. तो खाली बसला. "म्हणजे... बाबांनीच फाडलं असणार. उघड आहे."

कोपऱ्यातल्या मावशीनं मान वर केली.

"ज्यांना बनियन मी घालत होते, त्यांनी?" ती म्हणाली. "एका हातानं?"

२

वकीलबाईंनी एकेकाला बाजूला घेतलं. माणसं एकत्र असली की खरं बोलायला लाजतात, आणि एकटी असली की खोटं बोलायला घाबरतात, हा त्यांचा अनुभव होता.

थोरला ओट्याला टेकून उभा राहिला. "खरं सांगू? बाबांचं डोकं शेवटी चालत नव्हतं. साधी मोजदाद चुकायची. मी तीन म्हटलं की ते चार म्हणायचे. बोटं दाखवून चार!"

"म्हणजे भ्रमिष्ट झाले होते?"

"जवळजवळ."

"मग त्यांनी फाडलं असलं तरी ते धरता येणार नाही. भ्रमिष्टाचं फाडणं कायदा मानत नाही. लिहून घेऊ का?"

थोरल्यानं घाईनं पाण्याचा ग्लास उचलला. "तसे ठणठणीत होते हो. आजारपणात एखादा आकडा इकडेतिकडे व्हायचाच."

बाप शहाणा की वेडा, हे ठरवायला मुलाला एक घोट पुरला.

मधली खिडकीशी उभी होती. तिच्याकडे किल्ली नव्हती आणि रागाची मात्र काही कमी नव्हती. "मला विचाराल तर फायदा मावशीचा. आधी नुसतं राहायला मिळत होतं, आता तिसरा हिस्सा नावावर. पण तिच्यात तेवढी धमक नाही. या घरात जे झालं ते सगळं न विचारताच झालं. मी धाकटी होते, वकीलबाई. ही डिंकी आली आणि एका दिवसात मी मधली झाले. बाबांनी हाक मारली, 'ए मधले!' मी मागं वळून बघितलं, कोणाला बोलावतायत म्हणून."

"तुम्ही सांगितलं नाहीत, असं म्हणू नका म्हणून?"

"सांगितलं की. हसले आणि म्हणाले, मग धाकटी कोणाला म्हणू?" मधलीनं डोळे पुसले. "त्यांचे विनोद असेच. घरात मुलं दोन, त्यात मधली मी!"

मावशीशी बोलायला जास्त वेळ लागला, कारण ती प्रत्येक वाक्यानंतर पलंगाकडे बघायची.

"मला वाटा नको. त्यांचा चहाचा कप तेवढा ठेवू द्या."

"मृत्युपत्राबद्दल अलीकडे काही बोलले होते?"

"बोलणं कुठं नीट उमटत होतं? पण कुरकुरायचे. दुकानात आता राम राहिला नाही, पोरीच्या पदरात खळीचा डबा टाकला मी, असं. मी म्हटलं, वकीलबाईंना बोलावू का? तर हात हलवला. त्यांचं एक ठरलेलं होतं, वकिलाला विचारलं की कागद वाढतो."

वकीलबाईंना हसू आलं. ते पुरतं ओठावर येण्याआधीच मावळलं. सही करताना बाइंडर एका ओळीवर अडले होते, ते त्यांना आठवलं. 'माझ्या पत्नीची पहिल्या लग्नाची मुलगी.' एवढं लांब लिहायलाच पाहिजे का, त्यांनी विचारलं होतं. कायद्याला ओळख पटायला हवी, असं बाईंनी सांगितलं. बाइंडरांनी सही केली, पण पेन खाली ठेवताना म्हणाले होते, कायद्याची नजर फार अधू दिसते.

पाकीट घेऊन त्या दुकानाकडे निघाल्या. जिचं सगळं जाणार होतं, तिच्याशी बोलायचं अजून राहिलं होतं.

३

दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. एका भिंतीला पुठ्ठे टेकवलेले, दुसऱ्या भिंतीशी दाबयंत्र, मधोमध मोठं मेज. मेजाच्या एका बाजूला म्हाताऱ्याचं उंच स्टूल होतं. दुसऱ्या बाजूला ठेंगणं स्टूल, एका लहान मुलीच्या मापाचं, आणि डिंकी अजून त्याच्यावरच बसत होती.

"दुसरं घेत का नाहीस?"

"काका म्हणायचे, मान वर करून काम केलं की झोप येत नाही." ती जुन्या पुस्तकाचे सुटे फॉर्मे, म्हणजे पानांच्या जुड्या, शिवत होती. हात थांबला नाही. "दुकान जाणार ना?"

"अजून ठरलं नाही. कोणी फाडलं ते कळलं पाहिजे."

"मी नाही फाडलं."

"ठाऊक आहे. स्वतःचं ताट कोण लाथाडेल?"

"ते नाही हो. मी फाडलं असतं तर तुकडे आत ठेवले नसते." डिंकीनं दोरा दातानं तोडला. "आत ठेवलेत म्हणजे दाखवायचे होते. ज्यानं फाडलं त्याला लाज वाटत नव्हती."

वकीलबाईंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. हाच विचार त्यांनी सकाळपासून एकटीनं वागवला होता.

त्यांनी तुकडे मेजावर मांडले. डिंकीनं हात फडक्याला पुसले, एक तुकडा उचलून उजेडात धरला आणि कडेवरून बोट फिरवलं. बोट मध्येच थबकलं.

"काय झालं?"

"हे रागानं फाडलेलं नाही. हातानं कागद टरकावला की कड नागमोडी येते. ही बघा, सुतासारखी आहे. कागद जड वस्तूखाली दाबून ठेवायचा आणि तिच्या कडेशी वर ओढायचा, म्हणजे अशी फाटते. सुरी हाताशी नसली की आम्ही असंच करतो."

"आम्ही म्हणजे?"

डिंकीनं तुकडा जपून मेजावर ठेवला.

"हे काम येणारी माणसं किती?"

"दोन," ती म्हणाली. "त्यातले काका गेले."

४

दोनातला एक गेला, आणि त्याला एकच हात होता. उरली ही. थोरल्यानं हे ऐकलं असतं तर त्याला आनंद करावा की शोक, हेच कळलं नसतं. तिनं फाडलं म्हणावं तर ती चोर ठरते, पण दुकान तिला मिळतं. तिनं नाही फाडलं म्हणावं तर ती सच्ची, पण दुकान जातं.

वकीलबाईंनी चारही तुकडे जुळवून पाहिले. उभी चीर सरळ होती. आडवी चीरही सरळ होती, पण डाव्या अर्ध्या कागदावर ती खाली होती आणि उजव्यावर बोटभर वर. जुळवलेल्या पानावर पायरी दिसत होती.

"ही पायरी का आली?"

डिंकीनं वाकून पाहिलं. "पहिल्यांदा उभं फाडलं. मग दोन अर्धुकं एकावर एक ठेवून आडवं फाडलं. पण ठेवताना अर्धुकं सरकली होती."

"तू दोन कागद एकावर एक ठेव बघू."

डिंकीनं शेजारच्या गठ्ठ्यातले दोन कागद घेतले. दोन्ही हातांत धरून मेजावर टक टक आपटले, चारही कडा एक झाल्या, आणि मगच खाली ठेवले. डोळे तेव्हा वकीलबाईंकडे होते. हातांना सांगावं लागलं नव्हतं.

"नेहमी असं आपटतेस?"

"मग? काकांनी पहिलं तेच शिकवलं. कडा जुळल्या नाहीत तर पुढचं सगळं..."

तिनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग त्या पायरीकडे.

कड बाइंडरची होती. पण कागद आपटून सारखे करायला दुसरा हात नव्हता.

वकीलबाई त्या ठेंगण्या स्टुलासमोर पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर बसल्या. आता विचारायचा प्रश्न त्यांना आवडत नव्हता. "पलंगापाशी तिपाईवर एक लोखंडी ठोकळा आहे, कापडात गुंडाळलेला. इथला आहे?"

"हो. वजन आहे. पुस्तक दाबायचं."

"तो घरी कोणी नेला?" आणि उत्तर यायच्या आत त्या घाईनं म्हणाल्या, "हे बघ, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. चिठ्ठ्यांवर ठेवायला कोणीही नेला असेल. मावशींनी, नर्सनं. मी खोदून विचारणार नाही. मग ते फाडू शकत होते हे कोणाला सिद्ध करता येणार नाही, आणि दुकान..."

"मला आठवतं," डिंकी म्हणाली.

बाहेर रस्त्यावर कोणी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"त्यांनी हातानं खूण करून मागितलं. मी म्हटलं, काका, एवढं जड कशाला, उशाशी ठेवून अंगावर पाडून घ्याल. तर ओरडले. मी नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इतके खूश होते... मला जवळ बोलावलं, माझा हात धरला आणि बोटं मोजत बसले. माझी बोटं. मला वाटलं, खेळतायत."

"किती मोजली?"

"चार. अंगठा सोडून द्यायचे."

ती रडली नाही. सुई उचलून तिनं पुस्तकाचा उरलेला टाका घातला, कारण अर्धा शिवलेला फॉर्मा सोडायचा नसतो.

५

दुसऱ्या दिवशी सगळी पुन्हा त्याच खोलीत बसली. वकीलबाईंनी ठोकळा तिपाईवरून उचलून पलंगावर ठेवला, त्याच्याखाली एक कोरा कागद दाबला आणि डावा हात पाठीमागे घेऊन उजव्या हातानं ओढला. कागद सुतासारखा फाटला.

"त्यांनीच फाडलं," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या हातानं, शुद्धीत. वजन आणून दिलं हे डिंकीनं सांगितलं. तिनं सांगितलं नसतं तर मी हे म्हणू शकले नसते."

थोरल्यानं सुटकेचा श्वास टाकला. पण श्वास पुरता बाहेर पडायच्या आत बाई त्याच्याकडे वळल्या.

"आता का फाडलं ते तुम्ही सांगायचं. तीन आणि चार. कशाची मोजदाद चालली होती?"

"कसली?"

"तुम्ही तीन म्हणायचात, ते चार म्हणायचे. काय मोजत होतात?"

थोरल्याच्या कपाळाला आठी पडली. "त्यांनी विचारलं होतं... मृत्युपत्र नसलं तर काय होतं. तोंडातून नीट येत नव्हतं, मला चारदा विचारायला लागलं. मी म्हटलं, सोपं आहे बाबा, बायको आणि मुलं, सगळ्यांना सारखं. ते म्हणाले, सगळ्यांना? मी म्हटलं, सगळ्या मुलांना, भेद नाही. तर म्हणाले, म्हणजे चार वाटे. मी म्हटलं, तीन. ते म्हणाले, चार. वाद कशाला घालायचा आजारी माणसाशी, म्हणून मी..."

त्यानं दाराकडे पाहिलं.

"म्हणून तुम्ही हो म्हणालात," वकीलबाईंनी वाक्य पुरं केलं.

मावशीनं पदर तोंडाशी नेला.

"त्यांचं गणित चुकलं नव्हतं. बायको एक, मुलं तीन. थोरला, मधली, डिंकी. ज्या माणसाला मुलं दोनच आहेत तो मुलीला मधली म्हणत नाही. डिंकीला नुसतं दुकान दिलं याचा त्यांना सल होता. कागद फाडला की ती तुमच्या बरोबरीला येईल, असं त्यांना वाटलं. तिला कधी कायद्यानं दत्तक घेतलं नव्हतं, हे ते विसरले. दत्तक घ्यायला ती कोणी परकी आहे, असं त्यांच्या मनात कधी आलंच नसावं." बाईंनी चार तुकडे पाकिटात घातले. "मला एक शब्द विचारला असता तर मी एक ओळ बदलून दिली असती. पण वकिलाला विचारलं की कागद वाढतो."

"तुकडे चिकटवले तर?" मधलीनं विचारलं. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"मला चिकटवता येतील," डिंकी दारातून म्हणाली. "फाटलं होतं हे कळणारसुद्धा नाही."

"पण चालणार नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"हो. ते कळलं मला."

सगळ्यांना जोडून द्यायला निघालेल्या माणसानं एकीला पुरतं सुटं करून टाकलं होतं, आणि ते करताना तो आनंदात होता.

पुढचं कोणा एकाच्या दुष्टपणानं झालं नाही. घराला हात लावायचा नाही, मावशी तिथंच राहतील, हे मधलीनं भावाकडून वदवून घेतलं. मावशीनं दुकानातला आपला हिस्सा डिंकीला देऊ केला, पण उरलेले दोन हिस्से विकत घ्यायला बँकेतला तिचा वाटा पुरत नव्हता, आणि थोरल्याच्या डोक्यावर कर्ज होतं. दुकान विकायचं ठरलं. एका छापखान्यात डिंकीला नोकरी मिळाली. स्टूल तिथलंच वापरावं लागणार होतं.

सामानाची वाटणी करायला सगळे दुकानात जमले. थोरल्यानं मोठ्या कागदावर तीन रकाने आखले होते. पत्नी, मुलगा, मुलगी. दाबयंत्र, सुऱ्या, पुठ्ठे, पितळी अक्षरांची पेटी. डिंकी एकेक वस्तू उचलून नाव सांगत होती, कारण त्यांना नावं ठाऊक नव्हती. शेवटी मेजावर घरून परत आणलेलं ते वजन उरलं.

"हे भंगारात जाईल," थोरला म्हणाला.

"ते मला हवंय."

"घे की मग. त्यात काय विचारायचं?"

"तसं नको. लिहून दे," डिंकी म्हणाली. "उद्या पुन्हा चोर म्हणशील."

थोरल्याचा चेहरा उतरला. तो पेन घेऊन वाकला, आणि तसाच राहिला. कोणत्या रकान्यात लिहायचं ते त्याला कळेना. मग त्यानं ते वजन उचललं, कागदावर ठेवलं, त्याच्या कडेनं वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली. रेघ सुतासारखी आली.

"वर काय लिहू?" त्यानं विचारलं. नजर वर केली नाही. "पत्नीची पहिल्या लग्नाची..."

"धाकटी लिही," मधली म्हणाली.

त्यानं तसं लिहिलं. खाली लिहिलं, लोखंडी वजन, एक. त्याच्याखाली तो रकाना कोराच राहिला.